नावाडी दारात उभा आहे

मला राग लवकर येतो, असं आमच्या घरात सर्वांचं मत आहे. ते चूक आहे. मला राग वेळेवर येतो. बाकीच्यांना तो उशिरा येतो किंवा येतच नाही, त्याला माझा इलाज नाही. आता हेच बघा. एका परदेशी चित्रपटाचा शेवट काय, हे शोधण्यात माझी नऊ दिवसांची रजा गेली, एक खुर्ची गेली, इमारतीतली पत गेली आणि एकदा तर मला दंडाला धरून बाहेर काढायची वेळ आली. चित्रपटाचं नाव मला ठाऊक नव्हतं. देश ठाऊक नव्हता, भाषा ठाऊक नव्हती. मी तो पाहिलेला नव्हता आणि पाहायची इच्छाही नव्हती. अशा परिस्थितीत शांत राहणारा माणूस कुणी मला आणून दाखवावा, मी त्याच्या पाया पडायला तयार आहे.

सुरुवात आईच्या हृदयापासून झाली. त्यातली एक झडप नीट मिटत नाही, ती बदलावी लागेल, असं डॉक्टर म्हणाले. तपासण्यांसाठी आईला पाच दिवस रुग्णालयात ठेवलं. खोलीत दोन पलंग आणि मधे एक हिरवा पडदा. पडदा सळईत अडकून बसलेला, कुणी ओढला तरी हलायचा नाही. पलीकडे घोटा मोडलेल्या एक बाई होत्या, हाडांच्या विभागात जागा नाही म्हणून हृदयविभागात ठेवलेल्या. आईला उठायची मनाई, त्या बाईंना उठता येत नव्हतं, त्यामुळे दोघी एकमेकींचं तोंड न पाहता बोलायच्या. मी दोन्ही वेळा डबा घेऊन जायचो, आणि डबा गरम करायची सोय का नाही, उशी एकच का, नळ का गळतो, यावरून तिथल्या नर्सशी भांडून परत यायचो. कुणीतरी भांडायला हवंच होतं. पलीकडच्या बाईंकडे माझं लक्ष नव्हतं.

सहाव्या दिवशी आई घरी आली. शस्त्रक्रियेची तारीख मिळाली सत्तावीस. सोबत संमतीपत्र. त्यावर रुग्णाची स्वतःची सही हवी, आणि ते बावीस तारखेपर्यंत पोचलं नाही तर तारीख दुसऱ्या कुणाला जाणार, पुढची दोन महिन्यांनी. "दोन महिने थांबणं मला फारसं पसंत नाही," डॉक्टर अगदी हळू आवाजात म्हणाले. ते ओरडले असते तर मला बरं वाटलं असतं.

घरी आल्याबरोबर मी पेनाचं टोपण काढून पेन आईपुढे धरलं.

"आत्ता नाही," आई म्हणाली.

"मग कधी?"

"शेवट कळला की."

मला वाटलं, औषधांचा परिणाम असेल. तो नव्हता. आईनं मला बसवलं आणि सगळं सांगितलं. पलीकडची तिला एक सिनेमा सांगत होती. परदेशी. रोज दुपारी थोडा थोडा.

"नदी आहे, पूल नाही. एक म्हातारा नावाडी दोर ओढत नाव पलीकडे नेतो. खडूस आहे. बायको गेलेली, कुणाशी बोलत नाही. रोज सकाळी एक बाई नावेत बसते, हातात बॅग. संध्याकाळी परत येते. बॅग रिकामी."

"रिकामी कशावरून?" मी विचारलं. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानातला किलो खरोखर किलो आहे की नाही हे पाहणं माझं काम, त्यामुळे हा प्रश्न मला पडणारच.

"तो नावाडी आहे. नाव पाण्यात किती बसली त्यावरून त्याला कळतं."

एवढ्या नावेत दोन-चार किलोंचा फरक असा कळत नाही. पण आईचं हृदय आठवून मी गप्प बसलो.

"वर्षभर दोघं एका शब्दानं बोलत नाहीत. मग तो तिला टेकायला म्हणून एक फळी ठोकतो. ती एकदा त्याच्या बाहीचं बटण शिवून देते. बोलणं नाहीच. आणि एक दिवस ती येत नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. पाचव्या दिवशी तो नाव खुंटीला बांधतो आणि तिला शोधायला पलीकडच्या गावात जातो. घर सापडतं. दार वाजवतो."

"मग?"

"मग नर्स आली रक्त घ्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर पलीकडे सामसूम. घरी गेली म्हणाले."

"आई, सिनेमा आहे तो."

"मला कळतंय सिनेमा आहे ते. मला त्या टेबलावर झोपवून छाती उघडणार आहेत. उठेन की नाही ते तुला माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. तो माणूस दार वाजवून उभा आहे. त्याला तसा उभा ठेवून मी जायची नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. पण घाबरलो की मला रागच येतो, दुसरं काही येत नाही. मी बायकोकडे पाहिलं. "बरोबर आहे त्यांचं," ती म्हणाली आणि कांदा चिरायला निघून गेली. परगावी असलेल्या बहिणीला फोन केला. "एवढंसुद्धा जमत नाही तुला? त्या बाईला एक फोन करून विचारायचं," ती म्हणाली. बाईंचा नंबर कुणाकडेच नव्हता. नावसुद्धा नव्हतं. पाच दिवस पोटातलं ओठावर आणून बोललेल्या दोन बायकांनी एकमेकींना नाव विचारलं नव्हतं.

मी रजा टाकली आणि रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर गेलो. खिडकीतल्या कारकुनानं मान वर केली नाही.

"हृदयविभागातल्या सहा नंबर खोलीत दोन नंबरच्या पलंगावर ज्या बाई होत्या, त्यांचं नाव हवंय."

"रुग्णाची माहिती फक्त रुग्णाला मिळते."

"ठीक आहे, त्यांनाच भेटतो. कुठे राहतात?"

"ते त्यांना विचारा."

"त्या कुठे आहेत?"

"ही माहिती झाली," कारकून म्हणाला.

शेवटी त्यानं एक गुलाबी अर्ज सरकवला. त्यात एक रकाना होता, माहिती मागण्याचे कारण. मी सरकारी माणूस आहे. अर्जात खोटं लिहिणं हा गुन्हा आहे हे मला कळतं. मी खरं ते लिहिलं. कारकुनानं चष्मा लावला आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं, "नावाड्याने दार वाजवल्यावर पुढे काय झाले ते समजणे." मग शेजारच्या टेबलावरच्या कारकुनाला बोलावून पुन्हा वाचलं. रांगेत हात गळ्यात अडकवलेला एक माणूस होता. "काय झालं हो पुढे?" त्यानं मला विचारलं. त्याला मी जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. अर्ज मात्र रीतसर स्वीकारला गेला. उत्तर कामकाजाच्या पंचेचाळीस दिवसांत मिळणार होतं.

यानंतर मी जे केलं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. इमारतीच्या फोनवरच्या ग्रुपमध्ये मी सिनेमाची गोष्ट लिहिली आणि कुणाला शेवट ठाऊक आहे का, असं विचारलं. तासाभरात सत्तर उत्तरं आली. समोरचे प्रोफेसर आयुष्यभर दगडांविषयी शिकवत आले, त्यांनी कळवलं की परदेशी चित्रपटात नदी दाखवली की शेवटी कुणीतरी बुडतंच, बहुधा नावाडी. तळमजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना बॅगेचा पहिल्यापासून संशय होता. चेअरमननी, विषय निघालाच आहे तर, गाड्या पांढऱ्या रेषेच्या आत लावण्याची सर्वांना आठवण करून दिली. त्यावरून दोन गाडीवाल्यांचं भांडण झालं. सत्तरातल्या एकानंही आईची तब्येत कशी आहे हे विचारलं नाही.

वरच्या मजल्यावर एक संगणकवाला राहतो. तो दोन दिवसांनी धापा टाकत आला. "काका, सापडला. नाव आहे, नदी आहे, म्हातारा आहे." मला त्याला मिठी मारावीशी वाटली. रविवारी दुपारी तो आमच्या घरी मोठ्या पडद्यावर सिनेमा लावून देणार होता. माझ्या हिशेबानं प्रेक्षक तीन होते. आई, बायको आणि मी. आले एकोणीस. कुणी उशी घेऊन आलं, कुणी पाहुणे घेऊन आलं. दारात चपलांचा ढीग झाला आणि मला माझ्याच घरात उंबऱ्यावर बसावं लागलं. प्रोफेसर माझ्या खुर्चीत बसले. ती खुर्ची माझ्या वडिलांची. त्यांनी ती मागच्या दोन पायांवर तोलली आणि तिसऱ्या झोक्याला ती मोडली. उठून त्यांनी कपडे झटकले आणि म्हणाले, "वाळवी लागली होती. तुमचं नशीब, वेळेवर कळलं."

सिनेमा सुरू झाला. म्हातारा मासे धरत होता. बाई नव्हती, बॅग नव्हती, दोर नव्हता. वीस मिनिटांनी आई म्हणाली, "हा तो नाही," आणि आत जाऊन झोपली. मी उठून पडदा बंद करायला गेलो तर एकोणीस जण एकदम म्हणाले, "अहो थांबा, आत्ता कुठे रंगात आलाय." घर माझं, वीज माझी, खुर्ची माझी. भीक नको पण कुत्रं आवर अशी माझी गत झाली. दोन तास पन्नास मिनिटांनी तो म्हातारा खरोखरच बुडाला. प्रोफेसरांनी मागे वळून माझ्याकडे फक्त पाहिलं. त्या पाहण्याबद्दल मी त्यांना कधीही क्षमा करणार नाही.

सतरा तारीख उजाडली. आईला दोन जिने चढताना चार वेळा थांबावं लागत होतं. ओठ निळसर दिसायचे. मी रोज सकाळी संमतीपत्र आणि पेन तिच्या चहाशेजारी ठेवायचो आणि ती ते उचलून कपाटावर ठेवायची. मग मी ते केलं, जे करणाऱ्यांवर मी तीस वर्षं खटले भरत आलोय. पारड्याखाली चुंबक लावणारा, वजन आतून पोखरणारा, असे शेकडो दुकानदार मी पकडलेत, आणि प्रत्येकाला विचारलंय की घरी तोंड कसं दाखवता. त्या संध्याकाळी मी घरी आलो आणि बूट काढता काढता म्हणालो, "आई, त्या बाई भेटल्या. बसमध्ये."

"हो? पाय कसा आहे?"

"बराय. प्लास्टर आहे अजून."

"प्लास्टर घेऊन बसमध्ये चढली?"

"मी चढवलं. तर शेवट असा. दार उघडतं. तीच असते. आजारी होती. मग दोघं बोलतात आणि लग्न करतात."

"बॅगेचं काय?"

"बॅगेत कपडे असायचे."

"बॅग रिकामी होती."

"म्हणजे कपडे हलके होते."

आईनं पांघरूण सारखं केलं. "तिचा आवाज कसा आहे रे?"

"कसा म्हणजे? बायकांचा असतो तसा."

"घोगरा आहे. आधी मला वाटलं होतं पुरुषच आहे पलीकडे." आईनं तोंड भिंतीकडे वळवलं. "खोटं बोललास त्याचं नाही मला काही. पण उरकल्यासारखं बोललास. लग्न लावून दिलंस आणि मोकळा झालास."

पुढचे दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. काही हवं असलं तर बायकोला सांगायची, "त्याला म्हणावं, औषध संपलंय." मी शेजारीच उभा असायचो. चोपन्न वर्षांचा माणूस मी, दुकानदार मला पाहून तराजू पुसायला लागतात, आणि माझ्या घरात माझी ही किंमत. तिसऱ्या दिवशी आई बायकोला म्हणाली, "उद्या, मंगळवारी तिचं प्लास्टर बदलणार आहेत. दुखेल बिचारीला."

मी स्वयंपाकघरातून धावत आलो. "कुणाचं? त्या बाईंचं? मंगळवारी? हे तू आधी का नाही सांगितलंस?"

"तू कुठे विचारलंस? तू नाव विचारलंस. नाव मला माहीत नाही."

मंगळवार एकवीस तारखेला होता. मी सकाळी आठ वाजता प्लास्टरच्या खोलीबाहेर जाऊन बसलो. आत करवतीसारखा आवाज, पांढरी धूळ, आणि बाकांवर ओळीनं पसरलेले पाय. बायकांचे पाय मी मोजले, अकरा. चेहरा मला माहीत नव्हता. सरळ एकेकीला विचारत जाण्याखेरीज मार्ग नव्हता. "माफ करा, तुम्ही पडद्यामागे होतात का?" असं मी पहिल्या बाईंना विचारलं. त्यांनी पर्स छातीशी धरली. दुसरीला म्हटलं, "नावाड्याचं तुम्हीच सांगत होतात का?" तिनं मान फिरवली. तिसरीच्या बरोबर तिचा मुलगा होता, चांगला दांडगा. त्यानं पहारेकऱ्याला बोलावलं, आणि पहारेकऱ्यानं माझा दंड धरला.

"मी सरकारी निरीक्षक आहे," मी ओरडलो.

"हो, चला बाहेर निरीक्षण करा," पहारेकरी म्हणाला.

"हात सोडा. ही काय पद्धत झाली? इथं बसायला बाक पुरेसे नाहीत, पंखा बंद आहे, आणि तुम्ही माणसांना..."

"अहो, सोडा त्यांना," कोपऱ्यातून एक घोगरा आवाज आला. "ओळखीचे आहेत. खिडकीकडच्या ताईंचे चिरंजीव. पाच दिवस हाच आवाज ऐकलाय मी. डबा गार का आहे."

पासष्टीच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या, रुंद खांद्यांच्या एक बाई कुबड्या मांडीवर आडव्या घेऊन बसल्या होत्या. मी त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"शेवट सांगा."

"बसा आधी."

"बसत नाही. शेवट सांगा. उद्या सहीची मुदत संपतेय." मी त्यांना सगळं सांगितलं. सही, नऊ दिवस, खुर्ची, निळे ओठ. त्या ऐकत होत्या आणि खाली खाली बघत होत्या.

"मला शेवट माहीत नाही," त्या म्हणाल्या.

मी बसलो.

"मी टॉकीजमध्ये बॅटरी दाखवायचे. अंधारात लोकांना त्यांच्या जागेवर नेऊन बसवायचं. आणि सिनेमा संपायच्या दहा मिनिटं आधी उठून बाहेर जायचं, दारं उघडून कड्या अडकवायच्या, जिन्याच्या तोंडाशी उभं राहायचं. नाहीतर लोक एकमेकांच्या अंगावर पडतात. तो सिनेमा एकच आठवडा टिकला. दिवसाला तीन खेळ. भाषा कळत नव्हती, पण ती दोघं बोलतच नव्हती म्हणून अडलं नाही. एकवीस वेळा पाहिला. एकवीस वेळा त्यानं दार वाजवलं आणि मी उठले."

"कुणाला विचारलं नाहीत?"

"मशीनवाल्याला विचारलं. तो म्हणाला, मी रीळ बघतो, सिनेमा नाही बघत."

"मग सुरू कशाला केलीत?" माझा आवाज पुन्हा चढला. पहारेकरी दोन पावलं पुढे आला. "ज्याचा शेवट माहीत नाही ते आजारी माणसाला सांगायचं कशाला? काही जबाबदारी?"

"ताई रडायच्या," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"तुमच्या आई. तुम्ही डबा ठेवून, नर्सला चार शब्द सुनावून गेलात की. तोंडात पांघरूण कोंबून रडल्याचा आवाज असतो ना, तसा. पहिल्या दिवशी मी गप्प पडून राहिले. दुसऱ्या दिवशी म्हटलं, एक सिनेमा सांगू का. मला काय माहीत त्या इतका जीव लावतील. वाटलं, शेवट यायच्या आत तुम्ही त्यांना घरी न्याल. दार वाजवेपर्यंत पोचलो आणि त्या म्हणाल्या, आता उद्या सावकाश सांग, घाई नको. सकाळी उठून मी डॉक्टरांच्या मागे लागले, मला आजच सोडा."

दिवसातून दोनदा, पाच दिवस मी त्या खोलीत जात होतो. आई रडते हे मला एक परकी बाई प्लास्टरच्या खोलीबाहेर सांगत होती. नळाबद्दल मी भांडलो होतो, उशीबद्दल भांडलो होतो. आईला भीती वाटते का, हे विचारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. त्या वेळी मला जो राग आला तो कुणाचा, हे ठरवायला तराजू लागत नाही.

"चला माझ्याबरोबर," मी म्हणालो. "हे तुम्हीच तिला सांगा."

नवं प्लास्टर घालून झाल्यावर मी त्यांना टॅक्सीनं घरी आणलं. इमारतीची लिफ्ट बंद होती. ती दरवर्षी याच सुमारास बंद पडते आणि चेअरमनना दरवर्षी आश्चर्य वाटतं. शेवटी बाईंना खुर्चीत बसवून मी आणि संगणकवाल्यानं दोन जिने वर चढवलं. प्रोफेसर पुढे चालत होते आणि उजवीकडे, डावीकडे असं सांगत होते. दोन्ही वेळा त्यांनी चुकीची बाजू सांगितली. मधल्या वळणावर माझ्या पाठीत काहीतरी सरकलं, ते अजून जागेवर आलेलं नाही.

आईनं बाईंना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू बुटकी असशील असं वाटलं होतं मला."

"ताई, मला शेवट माहीत नाही," बाईंनी बसल्या बसल्या सांगून टाकलं. मग टॉकीज, दारं, कड्या, सगळं सांगितलं. आईचा चेहरा कडक होत गेला.

"एकवीस वेळा?"

"एकवीस."

"आणि एकदाही मागे वळून पाहिलं नाहीस?"

"नोकरी होती ताई."

"मला अर्ध्यावर आणून सोडलंस. सांगायचं तरी. पळून काय गेलीस?" आई पाच मिनिटं बोलत होती, आणि कबूल करायला हरकत नाही, मला बरं वाटलं. आमच्या घरात माझ्याशिवाय दुसऱ्या कुणावर आई रागावलेली मी फारशी पाहिलेली नाही. बाई मान खाली घालून ऐकत होत्या. मग आई थांबली. पाणी प्यायली.

"जिन्यावर उभी राहायचीस म्हणजे बाहेर येणारे लोक दिसत असतील."

"सगळे दिसायचे."

"तोंडं कशी असायची?"

बाईंनी कुबडी बाजूला ठेवली. "काही रडलेले असायचे. पण बिथरलेले नसायचे. एक जण अर्धा जिना उतरला आणि परत वर आला, म्हणाला आत काहीतरी राहिलंय. मी बॅटरी घेऊन बरोबर गेले. काही राहिलं नव्हतं. नुसता बसला खुर्चीत थोडा वेळ. आणि जोडपी असायची ना, ती एरवी पुढे-मागे उतरतात. त्या आठवड्यात हात धरून उतरायची."

"सगळी?"

"भांडत आलेलीसुद्धा. मीच बसवलेली असायची ना, मला माहीत असायचं कोण भांडत आलंय ते."

आईनं खोदून खोदून विचारलं. लहान मुलं होती का, ती काय करायची. कुणी हसत यायचं का. कुणी बोलत यायचं का. दोन कप चहा झाला. मला पुन्हा पुन्हा घड्याळाकडे बघताना पाहून बायकोनं मला डोळ्यांनी दटावलं. शेवटी आई म्हणाली, "म्हणजे दाराशी उभं राहून बाहेर येणाऱ्यांना बघायची तुला सवय आहे."

"एकतीस वर्षं तेच केलं."

"मग मी बाहेर येईन तेव्हा दाराशी तू उभी राहा. सही करते मी."

"आई, मी आहे ना तिथं," मी म्हणालो.

"तू असलास तर कुणाशी तरी भांडत असशील. मी बाहेर आल्याचं तुला कळायचंसुद्धा नाही." आईनं पेन मागितलं आणि तीन ठिकाणी सह्या केल्या. माझ्या डोळ्यांदेखत, पोटच्या मुलाला डावलून, पडद्यापलीकडच्या बाईला हा मान गेला. मला फार लागलं. आणि ती म्हणाली ते खोटं होतं असंही मला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी संमतीपत्र घेऊन गेलो तर त्याच खिडकीवर तोच कारकून. शस्त्रक्रियेच्या दारापर्यंत जायला पास लागतो. पास एकच, आणि तो रक्ताच्या नातेवाइकाला.

"या जाणार आहेत," मी बाईंचं नाव लिहिलेला कागद पुढे केला. नाव मला आदल्या दिवशी कळलं होतं.

"रुग्णाशी नातं?"

"नातं काही नाही."

"मग पास नाही."

आणि मग मी भांडलो. आयुष्यात इतका मन लावून मी कधी भांडलो नव्हतो. नळासाठी नाही, उशीसाठी नाही. रांग वाढत गेली आणि एकही माणूस मला गप्प बसा म्हणाला नाही. कारकुनानं नियमांचं पुस्तक काढलं, मी ते वाचलं, त्यातल्या तीन चुका दाखवल्या. अखेर त्यानं चष्मा काढला.

"या त्याच का? दार वाजवलं ती गोष्ट सांगणाऱ्या?"

"त्याच."

तो खिडकीतून पुढे झुकला. "काय झालं हो पुढे?"

"कुणालाच माहीत नाही."

कारकुनानं हातातला शिक्का खाली ठेवला. मग त्यानं फॉर्म माझ्याकडे सरकवला आणि दुसरीकडे बघत म्हणाला, "नात्याचा रकाना अर्जदारानं भरायचा असतो. आम्ही तपासत नाही." मी तीस वर्षं खोटं वजन पकडलंय. मी त्या रकान्यात सावकाश, चांगल्या अक्षरात, रुग्णाची सख्खी बहीण असं लिहिलं आणि खाली माझी सही केली.

सत्तावीस तारखेला सकाळी आईला आत नेलं. बाई कुबड्या घेऊन वर गेल्या. मी खाली पाण्याच्या नळाजवळच्या बाकावर बसलो. चार तास सांगितले होते. पाच झाले. मी उठून चहाच्या यंत्राशी भांडलो, मग पुन्हा बसलो. बायकोनं माझा हात धरला होता. तो मी सोडवून घेतला नाही. साडेपाच तास झाले. लिफ्ट किती वेळा उघडली आणि त्यातून किती परकी माणसं बाहेर आली याला गणती नाही. आणि मग तिचं दार उघडलं आणि कुबड्या दिसल्या.

मी त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो. त्या एक एक कुबडी टाकत आल्या, वाटेत एका माणसाला बाजूला व्हा म्हणाल्या, आणि माझ्यासमोर येऊन थांबल्या.

"आल्या बाहेर," त्या म्हणाल्या. "ओठांना रंग आहे चांगला."

"बोलली काही?"

"तासभर नुसत्या डोळे मिटून होत्या. आत्ता जरा बोलल्या. जीभ जड आहे अजून. म्हणाल्या, दुसरा सांग."

"दुसरा काय?"

"सिनेमा. खोलीत आणलं की सुरू करते म्हटलं. परदेशीच आहे. एक म्हातारी आणि तिच्या घरात शिरलेला चोर. बाहेर बर्फ पडायला लागतं आणि दोघं आत अडकतात."

"थांबा," मी म्हणालो. "याचा शेवट पाहिलाय का तुम्ही?"

बाई माझ्या शेजारी बाकावर टेकल्या आणि पाय लांब केला. "एकतीस वर्षांत," त्या म्हणाल्या, "एकाचाही नाही."

मला भयंकर राग आला. मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि त्या सगळ्या लोकांसमोर ढसाढसा रडलो. बऱ्याच वेळानं डोळे पुसले आणि त्यांना विचारलं, "चोर आत शिरला कुठून?"